बाबांचं पिंप आणि माझी सुई

बाबांच्या पिंपातली कोंबडी मी आयुष्यात एकदाच केली, आणि ती चाळीस मिनिटांत शिजली. (असं सुईचं म्हणणं होतं.)

बाबा गिरणीत फिटर होते. नायगावच्या आमच्या चाळीमागे त्यांनी तेलाच्या पिंपाला झाकण बसवून धुराची भट्टी केली होती. आत कोंबडी टांगायची, खाली करवंट्या पेटवायच्या. ते गेले आणि आईने कोंबडी खाणं सोडलं. वर्ष झालं. आता पुढच्या आठवड्यात चाळ रिकामी करायची होती, आणि नव्या घरात पिंपाला जागा नव्हती.

आई म्हणाली, "ह्या पिंपातली शेवटची आसात, तर एक घास खाईन."

एक घास! चुकून चालणार नव्हतं. मी तापमान मोजायची सुई मागवली. पत्रकात होतं, 'छातीच्या जाड भागात खुपसा. पंच्याहत्तर अंश दिसले की शिजली.' मी फूटपट्टी लावून छातीचा बरोब्बर मध्य काढला, सुई खुपसली आणि कोंबडी टांगली.

"तुझो बापूस तंगडी हलवन बघी," आई म्हणाली. "सैल झाली की शिजली."

"आई, तो अंदाज झाला."

"तेंचो अंदाज कधी चुकाक नाय."

दर पाच मिनिटांनी मी आकडा वहीत लिहिला. चाळिसाव्या मिनिटाला पंच्याहत्तर!

"अहो, बाबांना दोन तास लागायचे," बायको म्हणाली.

"त्यांच्याकडे सुई नव्हती!"

तिने सुरीने एक चीर दिली, आत डोकावली. "ही अजून अंडं देईल!"

पत्रक उलटून पाहिलं. 'सुई हाडाला टेकवू नये, आकडा जास्त दिसतो.' छातीच्या बरोब्बर मध्यावर हाडच असतं. (हे कळायला फूटपट्टी लागत नाही.)

आईने पदर खोचला. कोंबडी परत टांगली, करवंट्या वाढवल्या, आणि दोन तासांनी हस्तांदोलन करावं तशी तंगडी हलवली. "झाली."

मग तिने विस्तवावर बादलीभर पाणी ओतलं. बाबांच्या फोटोसमोर ताट ठेवून आम्ही तासभर थांबलो आणि पिंपाशेजारीच सतरंजीवर जेवायला बसलो. आईने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग तिचे डोळे भरून आले.

"धूर गेलो डोळ्यांत," ती म्हणाली.

सुई पिंपातच राहिली होती. मी सवयीने आकडा पाहिला. एकतीस. पिंप गार पडलं होतं, धूर केव्हाच संपला होता.

दिवसभरात सुईने दाखवलेला तेवढा एकच आकडा बरोबर होता, आणि नेमका तोच मी वहीत लिहिला नाही.