लोपीस सरांनी ‘फॅदम’चा थांग लावला, त्याची गोष्ट

नव्वदच्या सुमारास मी वसईतल्या आमच्या शाळेत संस्कृतचा शिक्षक म्हणून रुजू झालो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाव-गाव विचारलं. पास्कोल लोपीस सरांनी मात्र विचारलं, ‘‘मूळ शोधायला तुम्हाला धातू तरी असतात हो, आम्ही इंग्रजीवाल्यांनी कुठं जायचं?’’

कुठं जायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. रेक्झिनचं कव्हर घातलेला एक जाडजूड शब्दकोश ते रोज नंदाखालहून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणत. कधी त्यावर वाडीतल्या केळ्यांची फणीही असे. केळी आम्हाला, कोश मुलांना. वाटणी अन्यायाची होती, पण आम्ही तक्रार केली नाही.

माझ्या पत्नीला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर सरांनी माझे तास घेतले आणि मुलांना संस्कृत रूपांऐवजी इंग्रजी क्रियापदं शिकवली. ते नुकसान मी अजून भरून काढतो आहे.

सरांच्या विद्वत्तेबद्दल या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. मी एका चुकीबद्दल लिहिणार आहे. चूक सरांचीच.

नववीच्या सहामाहीत ‘फॅदम’ या क्रियापदाचा अर्थ विचारला होता. अपेक्षित उत्तर, एखाद्या गोष्टीचा थांग लागणे, ती नीट उमगणे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या फिलोमिनाने लिहिलं, ‘दोन्ही हात पसरणे’. गमतीची उत्तरं वर्गात वाचून दाखवायची सरांना तेव्हा सवय होती. त्यांनी तेही वाचलं, वर स्वतः हात पसरून दाखवले. वर्ग हसून लोटपोट झाला. दुसऱ्या दिवसापासून फिलोमिना शाळेत आली नाही.

चार दिवसांनी सरांनी तो किस्सा मला ऐकवला. मी म्हटलं, ‘‘सर, पसरलेल्या दोन हातांमधल्या अंतराला संस्कृतात व्याम म्हणतात. कोळी लोकांची दोरी मापायची वाव त्यातूनच आली.’’

‘‘पंडित, तुम्हाला उद्या पावातही संस्कृत सापडेल.’’

‘‘पाव पोर्तुगीजांचा, तो तुमच्याकडेच राहू दे. कोश उघडा.’’

कोश उघडला. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पसरलेले हात, आणि क्रियापदाचा पहिला अर्थ कवेत घेणे. पुढे दर्यावर्दी लोक दोरी हातांनी मापून पाण्याचा तळ काढू लागले, म्हणून खोली मोजणे. आणि अगदी शेवटी, खोलवरचं समजून घेणे.

सरांनी कोश मिटला. ‘‘पोरीनं मूळ लिहिलं होतं, पंडित. आणि मी तिची नक्कल केली.’’

शाळा सुटल्यावर आम्ही दोघे पाचूबंदरला गेलो. फिलोमिनाचे वडील आंतोनदादा होडीपाशी दोरी मापत होते. छातीपुढून दोन्ही हात ताणायचे, की झाली एक वाव.

‘‘बसा मास्तर,’’ ते म्हणाले. ‘‘पोर नाय येनार शालेत. आईसंगती बाजारात बसेन बोलते. सगली हसतात तिला.’’

‘‘सगळी नंतर हसली, दादा. आधी मी हसलो. माफी मागायला आलोय.’’

फिलोमिना आतच राहिली. सरांनी दाराशी उभं राहून, वर्गात सांगावं तसं, कोशातलं सगळं सांगितलं. मग विचारलं, ‘‘अंदाजानं लिहिलं होतंस, की माहीत होतं?’’

आतून आवाज आला. ‘‘तुम्हीच सांगितलेलं सर, बोटीवाले पानी फॅदममध्ये मोजतात. पपा वाव मोजतात. मंग तेच झालं ना?’’

‘‘तेच झालं.’’

‘‘मंग वर्गात सांगा. पयले सांगा, मैत्रीन मला कलवेल. मंग मी येईन.’’

आंतोनदादा ओरडले, ‘‘अगो, मास्तरांशी अशी बोलतेस?’’ सर म्हणाले, ‘‘बोलू द्या. माझी एवढी पत आता उरलेली नाही.’’

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी मुद्दाम त्या वर्गाबाहेर रेंगाळलो. सरांनी कोश टेबलावर ठेवला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, ‘‘त्या दिवशी मी यावर हसलो, कारण मला येत नव्हतं. फिलोमिनाला येत होतं.’’ कुणी हसलं नाही. फळ्यावर सरांनी शब्दाचं सगळं मूळ लिहिलं आणि खाली तिचं नाव.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. आपल्या बाकावर बसली. सरांनी हजेरीत तिचं नाव घेतलं तेव्हा त्यांचा आवाज जरा घसरला, असं मला वाटलं. सर म्हणतात, सर्दी होती.

त्यानंतर त्यांनी उत्तरं वाचून दाखवणं सोडलं. विचित्र उत्तर दिसलं, की मुलाला जवळ बोलावून हळूच विचारत, ‘‘हे कुठून काढलंस?’’

ही गोष्ट छापू का, असं मी सरांना विचारलं. म्हणाले, ‘‘ती वगळलीत, तर गौरव कुणाचा करताय ते मला कळणार नाही.’’

सरांनी साठी ओलांडली आहे. त्यांचे गुडघे त्यांचं ऐकोत, त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. यात आमचा स्वार्थही आहे. आम्हा सहकाऱ्यांच्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, आणि माफी मागायला कुणाच्या दारापर्यंत जायचं, तर सोबतीला सरांसारखं माणूस हवं.