फुगडीची जोडी

हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनीत मंगळागौर कुणाकडेही असो, फुगडीला मंदाताई लागायच्याच. बाई पन्नाशीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या. पण एकदा पाय जुळवून मागे रेलल्या की नव्या सुनांना घाम फोडायच्या. जोडीला कायम त्यांची लेक हर्षिता. तीही आईच्याच अंगलोटाची. "फुगडीला वजन लागतं बाई, काडीपहिलवानांचं काम नव्हे," असं मंदाताई मिरवून सांगायच्या.

गेल्या श्रावणात कुणीतरी या मायलेकींचं रील टाकलं आणि घराला दृष्टच लागली. कुणा रिकामटेकड्यानं खाली लिहिलं, "धरती हिल गई." त्यावर शंभर जण हसले. हर्षितानं ते सगळं वाचलं. मग वर्षभर ती मोबाईलमधल्या शेलाट्या पोरी बघत बसली आणि ताटातली पोळी अर्ध्यावर आली. "आई, भूक नाहीए, सच में." आरशासमोर स्वतःचा दंड चिमटीत धरून उभी असलेली लेक दिसली की मंदाताई दारातूनच मागे फिरायच्या. बोलावं तर चिडते, न बोलावं तर वाळत चालली आहे.

यंदा मंगळागौर शेजारच्या शामलावहिनींच्या सुनेची. मंदाताईंनी मिनतवाऱ्या करून लेकीला फुगडीला उभं केलं. हात धरले तर तिच्या बांगड्या पार कोपराकडे घसरल्या. तरी फुगडी रंगली, हर्षिता खळखळून हसली, आणि मंदाताईंना वाटलं, सुटले एकदाची.

आता पुन्हा कुणी नावं ठेवू नयेत म्हणून यंदाचं रील त्यांनी स्वतःच टाकलं. त्याआधी गल्लीतल्या सोनिकाकडून एक अ‍ॅप शिकून घेतलं आणि लेकीचे दंड, गाल, कंबर थोडी थोडी कमी केली. खाली नुसते बदामच बदाम आले.

"बघ, एकही वाकडा शब्द नाही!" मंदाताईंनी हौसेनं मोबाईल पुढे केला.

हर्षितानं रील पुन्हा लावून पाहिलं. मग तिनं रीलमधल्या आईच्या दंडांवर बोट ठेवलं. ते होते तसेच होते, भरलेले.

"स्वतःला तर तू तसंच ठेवलंस. बस मुझे ही पतला किया."

"अगं, लोक बोलतात म्हणून..."

"लोगों का छोड़ ना, आई. म्हणजे तुलाही मी जाडीच दिसते."

मंदाताईंनी तिथल्या तिथे रील काढून टाकलं. पानं वाढून हाक मारली. हर्षिता आली, बसली, आणि आज तिनं अर्धी पोळीसुद्धा डब्यात परत ठेवली.