बाकड्यावरचं विथ

गल्लीत आवई उठली होती, की धाकट्या बाई मेलेल्या बहिणीशी गप्पा मारतात. साफ खोटं! त्या बोलत नसत, नुसत्या थांबत असत. आणि खरं सांगायचं तर तेच जास्त अंगावर येई.

त्याचं असं झालं. दोघी बहिणी पुढच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेत. धाकटी वाक्य वाची, थोरली ते करून दाखवी. 'विथ', म्हणजे कधी 'ने' तर कधी 'बरोबर', या शब्दात तर थोरलीचा हातखंडा. कात्रीने कागद कापला म्हटलं की कचाकच कापे, थंडीने कुडकुडला म्हटलं की दात वाजवी. भांडायलाही विथ आणि नांदायलाही विथ, हे पोरांना न घोकता कळे.

दोन वर्षांपूर्वी थोरली गेली. धाकटी वाचत राहिली आणि प्रत्येक वाक्यानंतर सवयीने थांबत राहिली. नव्या पोरांना वाटलं, हाही धड्यातलाच भाग. बाई थांबल्या की त्यांच्या नजरेमागोमाग सगळी थोरलीच्या, भिंतीकडच्या रिकाम्या बाकड्याकडे माना वळवून बसत.

एका मुलीने हे घरी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिची आई, शिलाईवाल्या काकू, दारात.

"बाई, हिचं नाव शिकवणीतून काढते. पोरगी झोपेत दचकते."

बाईंकडे सातच मुलं उरलेली. एकामागून एक सगळी गेली, तर त्या खोलीत वाक्य ऐकवायचं कुणाला?

"आज बसून बघा. मग खुशाल न्या."

काकू लेकीचं दप्तर मांडीवर आवळून बसल्या. बाईंनी विथचं वाक्य वाचलं, 'ती बहिणीबरोबर राहते.' थांबल्या. सात माना वळल्या. आठवी काकूंची, आणि त्या कडाडल्या.

"अहो, कोण आहे तिथे? करून दाखवायचं तर तुम्ही दाखवा ना!"

बाईंनी पुस्तक मिटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या बाकड्याशी गेल्या आणि बसल्या. अगदी टोकाला, अर्धं अंग अधांतरी. बाकीचं बाकडं मोकळं.

"आत्ता कळलं विथ," मुलगी पुटपुटली. ती दचकली मात्र नाही.

काकूंनी दप्तर हळूच तिच्यापुढे सरकवलं. पण गप्प बसतील तर त्या काकू कसल्या!

"आत सरका की हो बाई, पडाल!"

बाई म्हणाल्या, "जिवंत होती तेव्हा बया इंचभर सरकली नाही, आता काय सरकणार!"