मामाला गोदेचं पाणी

गेल्या हिवाळ्यात आईने अंथरूण धरलं, ते पुन्हा सोडेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "यंदा माझ्या भावाला वीरांत ने. त्याला गोदेचं पाणी लागू दे." मी हो म्हणाले, पण मनातून पार खचले. मागून मागून तिने नेमकं माझ्या हातात नसलेलंच मागितलं होतं.

आमच्या नाशकात धुळवडीला घराण्यातले वीर मिरवतात. देवघरातला वीराचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली त्याची छोटी प्रतिमा, खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत रामकुंडावर नेतात, त्याला स्नान घालतात. आईच्या माहेरी असा एक घोडेस्वाराचा टाक आहे. तो कोण, कुठे लढला, हे भाऊबंदांत कोणालाच ठाऊक नाही, तरी त्याचा दरवर्षी थाट असतो. माझा मामा, भाऊबंदांचा नाना, एकाहत्तरच्या लढाईत खरोखर लढला, त्याचा मात्र टाक नाही. कारण काय, तर तो जिवंत परत आला. कान गेलेले, मन उडालेलं. लग्न केलं नाही, शेतात रमला नाही, आणि एके दिवशी वणीकडच्या गोसाव्यांच्या मठात निघून गेला. तिथेच वारला. गोसाव्यांमध्ये दहन करत नाहीत, पुरतात. आजोबा रागापायी गेले नाहीत आणि आईला त्यांनी जाऊ दिलं नाही. ती सल तिने जन्मभर सांभाळली.

दिंडोरीला माझा चुलत मामेभाऊ द्राक्षबाग करतो. त्याच्याकडे विषय काढला तर तो म्हणाला, "ताई, लढाईत गेला त्याला वीर म्हणत्यात. नाना तर घरी आले व्हते. अन् टाक घडवायचा तर आपल्यात आधी देह ठेवला त्या जागेवरची माती पुजावी लागती. जागा ठाऊक हाय का?"

जागा ठाऊक नव्हती. तरी मी निघाले. आधी गडावर जाऊन सप्तशृंगीसमोर उभी राहिले. तिच्याकडे मी आजवर पुष्कळ मागितलं आहे, त्यामुळे थोडा संकोचच वाटला. मग खाली विचारत विचारत मठ सापडला. भिंती पडलेल्या, माणूस कोणी नाही. मागे चिंचेखाली मातीचे उंचवटे, उशाशी एकेक ओबडधोबड दगड. एकावरही नाव नाही. यातला माझा मामा कोणता? मी तिथेच बसून रडले आणि देवीवर रागावलेसुद्धा. इतकं आणलंस, मग चार पावलं पुढे न्यायला काय झालं होतं?

बांधावर एक बाई गवत कापत होती. तिने येऊन पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला बी नाय ठाऊक, कोन कुठला ते. समद्यांचीच घ्या ना चिमूट चिमूट. ह्यांच्याकडं येतंय कोन?"

ती देवी होती असं मी म्हणणार नाही. तिच्या हातात विळा होता आणि तिला घरी जायची घाई होती. पण मी उठले, प्रत्येकापाशी वाकले, आणि पदराच्या टोकात सगळ्यांची माती बांधून घेतली. परक्यांची माती आणली म्हणून आई रागावेल, ही धास्ती घेऊनच घरी आले. सगळं ऐकून तिने त्या पुरचुंडीवर हात ठेवला. म्हणाली, "असू दे. त्यांनाही कुठेतरी बहीण असेलच."

मातीची पूजा करून टाक घडवला. धुळवडीला मी एकटीच तो घेऊन निघाले. गर्दीत मामेभाऊ आपल्या घोडेस्वाराला मिरवताना दिसला. माझ्या हातातली वाटी पाहून तो थांबला आणि त्याने वाजंत्री माझ्याकडे वळवली. रामकुंडावर आम्ही दोन्ही टाक एकदमच पाण्यात धरले. तेव्हा तो हळूच म्हणाला, "नाना, चुकलं आमचं."

पुढे थोड्याच दिवसांत आई गेली. मी देवीकडे एक जागा दाखव म्हणून हट्ट धरला होता. तिने ती दाखवली नाही, आणि आज त्याबद्दलच मी तिची ऋणी आहे. दाखवली असती तर मी मामाची तेवढी माती उचलून, बाकीच्यांना ओलांडून आले असते. आपण मागावं आणि हात उघडा ठेवावा, त्यात किती घालायचं ते तिच्यावर सोडावं, एवढं मला कळलं.

धुळवडीच्या त्या दुपारी मी घरी येऊन ओला टाक आईच्या हातात दिला होता. तिने विचारलं, "पाणी गार होतं का गं?"

"होतं."

"त्याला गारठा सोसायचा नाही," ती म्हणाली, आणि पदराने त्याला पुसू लागली.