अन्नपूर्णाबाईंची बोली

मलकापुरात शालिग्रामभाऊंना आडनावाने कोणी ओळखत नाही. 'हर्रासवाले भाऊ' म्हटलं की रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडतो. लिलावाला आपल्याकडे हर्रास म्हणतात, आणि ती पुकारणं हे भाऊंचं चाळीस वर्षांचं काम.

तरुणपणी ते कापसाच्या बाजारात हमाल होते. एक दिवस पुकारणाऱ्या निवृत्तीकाकांना ताप भरला. बोली थांबली, गाड्या खोळंबल्या, व्यापारी चिडले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अबे, ह्या शालिग्रामले उभा करा ना! हा नुसता हसला तरी टेशनावर ऐकू जाते." त्यांना धरून खुर्चीवर चढवलं. सकाळी चढलेले भाऊ संध्याकाळीच खाली उतरले.

बरे झाल्यावर निवृत्तीकाकांनी त्यांना जवळ बसवून पुकार शिकवली. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी बजावली. "हर्राशीचा नग पुकारनाऱ्याच्या घरात गेला का लोकायचा इस्वास गेला. सुतळीचा तोडासुदिक घरी नेऊ नको."

भाऊंनी ते कायमचं मनावर घेतलं.

पुढे कापसाच्या खरेदीच्या रीती बदलल्या आणि भाऊ जुन्या सामानाकडे वळले. बंद पडलेली ऑफिसं, मोडीत काढलेलं शाळेचं सामान, एखाद्या वकिलाच्या मागे उरलेली दिवाणखान्यातली कपाटं. त्यातही मेज म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बोटाच्या पेराने फळीवर ठोकायचे, कान तिरपा करायचे आणि सांगायचे, हे अस्सल सागवान, हे आडजात लाकूड, अन् याच्यावर नुसतं सागाचं पातळ पान चिकटवलं आहे. पट्ट्यांचं झाकण घरंगळत खाली येणारं साहेबी मेज त्यांनी विकलं, पोस्टातलं उंच टेबल विकलं, गादीवर मांडी घालून लिहायची मुनिमांची उतरती डेस्कं तर किती विकली याला गणतीच नाही. अलीकडे असल्या सामानाला पुण्याहून, इंदूरहून गिऱ्हाईक यायला लागलं होतं.

आणि हजारभर मेजं विकणाऱ्या या माणसाच्या घरी एकही मेज नव्हतं. एक लोखंडी पलंग, एक पत्र्याचं कपाट, चार प्लास्टिकच्या खुर्च्या.

या घरात मेजाची गरज खरं तर एकाच माणसाला होती. अन्नपूर्णाबाईंना.

अन्नपूर्णाबाई दुसरबीडच्या. दहावी पास होऊन लग्न करून आल्या, तेव्हा गल्लीत लिहिता येणारी दुसरी बाई नव्हती. आधी शेजारणीचं माहेरी पाठवायचं पत्र लिहून दिलं. मग कोणाचा निराधार योजनेचा अर्ज, कोणाचं रेशनकार्डात नाव घालायचं, कोणाच्या पोरीच्या वसतिगृहाचा फॉर्म. घरोघरी मोबाइल आले, पत्रं गेली, अर्ज मात्र वाढले. त्यांनी त्यासाठी कधी कोणाकडून काही घेतलं नाही. अक्षर इतकं गोल आणि स्वच्छ, की तहसीलातला बाबू अर्ज पाहून विचारायचा, "काकूनं लिवला का हा?"

वर्षानुवर्षं त्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर कागद ठेवून लिहायच्या. गुडघे गेले तशी खाली बैठक मोडली. मग पलंगाच्या कडेला बसून, मांडीवर पोळपाट उलटा ठेवून लिहायला लागल्या. भाऊ हे रोज पाहत होते. रोजची गोष्ट दिसते तेवढीच त्यांना दिसत होती.

मागच्या हिवाळ्यात स्टेशनाजवळच्या, कापसाच्या एका जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसची हर्रास ठरली. कारखाना केव्हाच बंद झाला होता. मालकांची नात सुचिता नागपूरहून आली होती आणि सगळी यादी तिने भाऊंवर सोपवली. आठ दिवस भाऊ तिथे धूळ झटकत, नगांवर आकडे चिकटवत बसले. एका दुपारी अन्नपूर्णाबाई त्यांचा डबा घेऊन गेल्या.

भाऊ जेवत होते. त्या ऑफिसभर हिंडल्या आणि खिडकीखालच्या एका बुटक्या डेस्कापाशी थांबल्या. वरची फळी लिहिणाऱ्याकडे उतरती, कड हाताने घासून घासून गुळगुळीत झालेली. आत काचेच्या दोन दौती, टाक ठेवायची पितळी तबकडी, शाई टिपायला टीपकागद लावलेला लाकडी झोका. त्यांनी फळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"हे कोनाचं व्हतं हो?"

"मुनिमाचं."

"यावर लिवाले चांगलं वाटत असन."

"हाव," भाऊ म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

रविवारी सकाळी कारखान्याच्या पटांगणात लोक जमले. भाऊ खुर्चीवर उभे राहिले. मोठं साहेबी मेज इंदूरच्या एका व्यापाऱ्याने घेतलं. लोखंडी तिजोरी एका भंगारवाल्याला गेली. घड्याळावर दोन भाऊबंदांची चुरस लागली आणि सगळे हसले. मग भाऊंनी आवाज दिला.

"नग एकोनीस! मुनिमाचं डेस्क, अस्सल सागवान, दौती-तबकडीसकट! बोला!"

"दोन हजार," इंदूरवाला म्हणाला.

"अडीच," मागून बाईचा आवाज आला.

"अडीच हजार, बाईची बोली, अडीच..." सवयीने भाऊंच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांनी मान वर केली. तुळशीच्या कट्ट्यापाशी, भिंतीचा आधार घेऊन अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. लग्नकार्यात नेसायची जांभळी साडी नेसून आल्या होत्या. हात अजून वरच होता.

भाऊंनी यादी खाली घेतली. पटांगण त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागलं.

"थांबा," ते म्हणाले. "मंडळी, ही बोली माह्या घरच्या मानसाची हाय. हा नग मले पुकारता येनार नाई."

"अहो भाऊ, पुकारा की," इंदूरवाला हसून म्हणाला. "आमची काही हरकत नाही."

"माही हाय ना."

ते खुर्चीवरून खाली उतरले आणि यादी त्यांनी सुचिताच्या हातात दिली. ती गोंधळली. "भाऊ, मला नाही येत हे."

"येते, ताई. बोली आली का मोठ्यानं सांगा, अन् कोनी बोललं नाई का तीन वार मोजा. मोजताना घाई करू नका. बस, एवढंच हाय."

सुचिता खुर्चीवर चढली नाही, पायरीवर उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता, पण पटांगण इतकं शांत झालं होतं की तो पुरला. इंदूरवाला तीनवर गेला. भाऊ गर्दीतून वाट काढत बायकोजवळ जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षांत हर्राशीच्या या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते.

"सांगाचं नाई व मले?" ते हळूच म्हणाले.

"सांगतलं असतं तं तुमी नाईच म्हनले असते."

"अवं, निवृत्तीकाका सांगून गेले..."

"निवृत्तीकाकाची बायको अर्ज नव्हती लिवत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी परत हात वर केला. "साडेतीन!"

पैसे कुठले, हे भाऊंनी विचारलं नाही. उन्हाळाभर दारात बसून बाई लोकांच्या गोधड्या शिवायच्या, ते त्यांना ठाऊक होतं. इंदूरवाला चारवर गेला. बाई साडेचारवर गेल्या.

"पाच," इंदूरवाला म्हणाला.

बाईंचा हात वर गेला नाही.

"पाच हजार, एक वार," सुचिता म्हणाली. तिने या दोघांकडे पाहिलं आणि मुद्दाम थांबली. भाऊंचा उजवा हात नकळत वर निघाला. अन्नपूर्णाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"नको. माही हद्द झाली."

"म्या देतो ना व."

"तुमी देसान तं ते तुमचं होईन. अन् तुमच्या घरात नग येत नाई."

"दोन वार," सुचिता म्हणाली. परत थांबली. मग तिच्याही हातात काही उरलं नाही. "तीन वार."

भाऊ परत खुर्चीवर चढले आणि उरलेले नग त्यांनी पुकारले. सगळे व्यवस्थित विकले गेले, फक्त त्या दिवशी लोकांना दोनदोनदा विचारावं लागलं, भाऊ, कितीची बोली झाली म्हणून. सामान टेम्पोत चढवताना इंदूरवाला बाईंजवळ आला. माणूस वाईट नव्हता. "काकी, सोडून द्यावंसं वाटत होतं," तो म्हणाला. "पण एका हॉटेलवाल्याला याचा फोटो पाठवून बसलोय. त्याला शब्द दिलाय."

"शब्द देला तं न्याच लागन, बाबू," बाई म्हणाल्या. डेस्क दोरीने बांधायच्या आधी त्यांनी त्याचं झाकण एकदा उघडलं, आत पाहिलं आणि आवाज न होऊ देता मिटलं.

घरी जाताना दोघं पायीच निघाले. बाई हळू चालत होत्या, म्हणून भाऊही हळू चालत होते. रेल्वेचं फाटक आलं.

"एक विचारू?" भाऊ म्हणाले. "ते डेस्क मांडी घालून बसाचं. तुह्यानं खाली बसनं झालं असतं काय?"

बाई हसल्या. "नसतं झालं. मले मालूम व्हतं."

"मंग काऊन?"

बाई थांबल्या. गुडघा चोळला. "असं पाहा. पिठाचा डबा हाय, तो पिठासाठी. पोळपाट हाय, तो पोळ्यायसाठी. म्या आपली त्याच्यावर लिवते. पन त्या डेस्कावर हात ठेवला ना, तवा वाटलं, हे लिवनाऱ्या मानसासाठी कोनीतरी मुद्दाम केलं हाय. बस. मन गेलं त्याच्यावर."

त्या रात्री भाऊ नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते जळगाव जामोदला गेले. तिथे नागसेन सुतार राहतो. जुन्या मेजांचे मोडके पाय, निसटलेले ड्रॉवर भाऊ त्याच्याकडूनच नीट करून घ्यायचे. नागसेनला आधी गंमतच वाटली.

"भाऊ, तुमी अन् नवं मेज?"

"जुनं चालत नाई. नवं चालते."

"बरं. लिवनारं मानूस कोन?"

"तुही काकू."

"मंग सांगा, काकू खुर्चीवर बसली का कोपर कुठं येते? अन् चष्मा लावून लिवते का? कागदापासून डोळे किती लांब धरते?"

भाऊंनी अंदाजाने हवेत तळहात वरखाली करून पाहिला. देशातल्या कुठल्याही मेजाची उंची ते नुसत्या नजरेने सांगू शकले असते. ज्या बाईबरोबर उभा जन्म काढला, तिचं कोपर कुठे येतं ते त्यांना सांगता येईना.

नागसेनने त्यांच्या हातात सुतळीचं रीळ ठेवलं. "माप घेऊन या. घाई नाई."

संध्याकाळी अन्नपूर्णाबाई पलंगावर बसून कोणाचा तरी अर्ज लिहीत होत्या. भाऊंनी त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं, आपण खाली वाकले आणि सुतळीचं एक टोक फरशीवर टेकवलं.

"काय करून राह्यले हो?"

"माप घेऊन राह्यलो."

"आत्ताच? मेल्यावर घ्या ना."

"मेजाचं व, मेजाचं! नागसेननं मागतलं. हलू नको."

हातातला पेन बाईंनी बाजूला ठेवला, पदर सारखा केला, पाठ सरळ केली आणि लिहायला बसतात तसे दोन्ही हात पुढे धरले. "मंग नीट घ्या," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं कागद धराची सवय हाय माही. तिकडं जागा जास्त ठेवाले सांगा."

भाऊंनी कोपरापाशी गाठ मारली. गुडघ्यापाशी मारली. चष्म्यापासून कागदापर्यंत सुतळी धरली, तेव्हा दोघांची तोंडं इतकी जवळ आली की बाईंना हसू फुटलं आणि गाठ चुकली. परत मारावी लागली.

महिन्याभराने नागसेन स्वतः टेम्पोत बसून मेज घेऊन आला. साताठ दिवस तेल पाजलेलं सागवान, मुनिमाच्या डेस्कासारखी उतरती फळी, पण पाय लांब, खाली गुडघे मोकळे सोडायला भरपूर जागा. डावीकडे रुंद मोकळी फळी. वरच्या कडेला एक उथळ खोबण होती.

"ही दौतीची काय रे?" बाईंनी विचारलं.

"नाई काकू, चष्म्याची. उतरती फळी हाय ना, नाई तं घसरून पडन."

बाईंनी चष्मा काढून त्या खोबणीत ठेवला. बरोबर बसला. मग त्या आत गेल्या आणि नागसेनसाठी चहा ठेवायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

तीन दिवस त्यांनी मेजावर काही लिहिलं नाही. रोज सकाळी पुसायच्या आणि वर धुतलेलं लुगडं पांघरून ठेवायच्या. भाऊंना राहवेना. "अवं, लिव ना काहीतरी," ते म्हणायचे. "कोनाचं काम आलं का लिवीन," बाई म्हणायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी मागच्या गल्लीतली सोजराबाई आली. तिचा नवरा पंधरा दिवसांपूर्वी गेला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते, विधवा पेन्शनचा फॉर्म होता. अन्नपूर्णाबाईंनी लुगडं काढून बाजूला ठेवलं, खुर्ची ओढून बसल्या आणि दुसरी खुर्ची सोजराबाईला दिली. कोरा फॉर्म फळीवर ठेवला, डाव्या हाताने धरला.

भाऊ पलंगावर सरसावून बसले. पहिलं अक्षर पाहायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"नाव सांग, बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आधी तुहं. मंग त्यायचं."

सोजराबाईने आपलं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि ते तोंडातून निघेना. ती पदरात तोंड खुपसून रडायला लागली. अन्नपूर्णाबाईंनी पेन ठेवला. घाई केली नाही, समजूतही घातली नाही. नुसत्या तिच्याकडे वळून बसून राहिल्या.

भाऊ उठले. चपला हातात घेऊन ते बाहेर आले आणि मागे दार हळूच ओढून घेतलं. ओट्यावर ऊन आलं होतं. तिथेच ते बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने विचारलं, "काऊन भाऊ, उन्हात बसले?"

"आत काम चालू हाय," भाऊ म्हणाले.