सकाळचा निरंक

मी तलाठी आहे. आमच्या पदाचं नाव आता बदललंय, पण गावात ते नवं नाव कुणी घेत नाही आणि खरं सांगायचं तर मीही घेत नाही. या नोकरीनं मला एक गोष्ट पक्की शिकवली. समोरचा माणूस बोलायला लागला की त्यातलं निम्मं आधीच सोडून द्यायचं. आई म्हणते, लग्नाआधी मी अशी नव्हते. नवरा म्हणतो, भाजीवाल्यानं मेथी ताजी आहे म्हटलं तरी तू पंचनामा करतेस.

हा संशय काही आकाशातून पडला नाही. एकदा वावटळीत पत्रे उडाले तेव्हा एकच वाकडा पत्रा मला तीन घरांपुढं दाखवला गेला. तिसऱ्या दारात मी त्यावरचा निळ्या रंगाचा डाग ओळखला. घरमालक शांतपणे म्हणाला, "आवो, समद्यांनी येकाच दुकानातनं आनलेत." डागही त्याच दुकानातला असावा. तेव्हापासून मी पंचनाम्याला गेले की एकच वाक्य म्हणते, "जे दिसतं ते लिहिते." गावात पोरं माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणतात, हेही मला माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी गारपीट झाली. आमच्या धाराशिव जिल्ह्यात गारा पडल्या की आधी द्राक्षवाल्यांचे फोन येतात, मेंढरंवाल्यांचे सगळ्यात शेवटी. माझ्या गावात एक म्हातारा धनगर आहे, मी त्याला मामा म्हणते. तो म्हणाला, अकरा मेंढरं मेली. मला चार दिसली. बाकीची ओढ्यानं नेली आणि कुत्र्यांनी ओढली, असं त्याचं म्हणणं होतं.

"सोनारीच्या भैरोबाची आन हाय बाई, अकरा हुती."

मी उन्हानं वैतागले होते, त्या दिवशीचा पाचवा पंचनामा होता. मी म्हणाले, "मामा, पंचनाम्यावर भैरोबा सही करणार आहे का?" शेजारचे दोघं हसले. मामा हसला नाही. मी चार लिहिली, त्यानं अंगठा दिला आणि काठी उचलून निघून गेला. नंतर रस्त्यात भेटला की रामराम करायचा, पण थांबायचा नाही. मीही ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. खोटं बोलणारा पकडला गेला की रागावतोच, असं मी स्वतःला सांगितलं.

आता निरंक या शब्दाबद्दल सांगते, कारण सगळा घोळ त्यानं केला. सरकारी मराठीत निरंक म्हणजे काहीही नाही. पावसाळ्यात रोज सकाळी आठच्या आत प्रत्येक तलाठ्यानं तालुक्याच्या ग्रुपवर गावाचा अहवाल टाकायचा असतो. जीवितहानी निरंक, जनावरं निरंक, घरपडझड निरंक. इतक्या वर्षांत माझ्या फोनलाही सवय झाली. 'नि' टाकलं की पुढचं तो स्वतःच लिहायचा.

पावसाळ्यात तलाठ्यानं नेमणुकीच्या गावी राहायचं असा नियम आहे. मी तालुक्याला भाड्यानं राहत होते, गाव तिथून बावीस किलोमीटर. म्हणजे मी रोज गावाचा अहवाल द्यायचे तो स्वयंपाकघरातून, कुकरची शिट्टी मोजत. खिडकीतून आभाळ बघायचं आणि निरंक लिहायचं. दुसऱ्यांच्या प्रत्येक शब्दावर संशय घेणारी मी, स्वतःच्या या शब्दावर कधी घेतला नाही.

पूर आला त्या वर्षी पावसाळ्यापूर्वीची आढावा बैठक झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. महसूल, पाटबंधारे, पोलीस, पंचायत समिती, सगळे आले होते. चहा झाला, सह्या झाल्या, संपर्क यादी वाटली. त्या यादीत पाटबंधारेच्या ज्या माणसाचा नंबर होता तो निवृत्त होऊन गावी गेला होता, हे मला ठाऊक होतं. मी शेजारणीच्या कानात सांगितलं, ती म्हणाली, "तू कशाला बोलतेस? तुलाच दुरुस्त करायला सांगतील." मी गप्प बसले. अध्यक्ष 'समन्वय' हा शब्द इतक्या वेळा म्हणाले की आम्ही मागं बोटांवर मोजत होतो.

पावसाळा संपत आला होता. सोयाबीन काढणीला आलेलं. आमच्याकडं दोन दिवस नुसती भुरभुर होती, पण वरच्या अंगाला रात्रभर झोडपलं होतं आणि वरच्या प्रकल्पातून पाणी सोडलं होतं. सोडण्याचा मेसेज गेला होता, यात शंका नाही. ज्या ग्रुपवर गेला त्यात आमच्या गावचे सरपंच नव्हतेच. पोलीसपाटील होते, पण सुप्रभातच्या फुलांना कंटाळून त्यांनी तो ग्रुप मुका करून ठेवला होता. मीही त्यात होते, पण मेसेज उघडला नव्हता. आठ वाजता मी खिडकीतून बघितलं, आभाळ उघडलं होतं, आणि मी 'नि' टाकलं.

नऊला सरपंचांचा फोन आला. "बाई, नदी मारुतीच्या पायरीला लागलीय. धनगर मामा अन् मामी मेंढरांसंगट टेकाडावर अडकल्यात, चारी अंगानं पानी हाय."

माझा पहिला विचार काय होता ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, अतिवृष्टीच्या यादीत गाव घालायचं म्हणून हा माणूस चढवून सांगतोय. मी म्हणाले, "फोटो पाठवा." त्यांनी पाठवला. फोटोत तपकिरी पाणी, मधे काळपट टेकाड, त्यावर पांढरे ठिपके. मी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, "हा आजचाच कशावरून?"

 सरपंच म्हणाले, "या बाई तुमी. येऊन बगा."

मी स्कूटीवर निघाले, आणि निघता निघता तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथला कारकून चांगला माणूस होता, पण शिकला माझ्याच शाळेत. "मॅडम, तुमच्या गावाचा तर निरंक आलाय सकाळी. एकच बोट आहे, ती पलीकडच्या गावाला गेली. तुमचे सरपंच फोन करत होते, पण मी म्हटलं, तलाठ्यांचाच निरंक आहे म्हणजे उगाच असेल." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. लोकांच्या ओरडण्यापेक्षा आमच्या कागदावर विश्वास ठेवायचा, हेच आम्ही एकमेकांना शिकवलं होतं.

मी गाडी बाजूला लावली आणि ग्रुपवर लिहिलं, सकाळचा अहवाल चुकीचा आहे, दोन माणसं अडकली आहेत, मी गावात नव्हते, न बघता लिहिलं. शेवटची दोन वाक्यं लिहिताना फोन दोनदा मधेच निरंक घालत होता, मी दोनदा खोडलं. माझ्यावर कारवाई होईल ही भीती होती, हे कबूल करते. पाच मिनिटांत तहसीलदार साहेबांचा फोन आला. बोट वळवतो, पण दोन तास लागतील.

नदीकाठी सगळं गाव उभं होतं. टेकाड सकाळच्या फोटोपेक्षा लहान झालं होतं. गावात मासे धरणारे तिघं भाऊ आहेत, त्यांनी गुऱ्हाळावरची गूळ शिजवायची काहील आणून पाण्याच्या कडेला ठेवली होती. तिला दोर बांधला होता. आमच्याकडं नदी ओलांडायला काहील नवी नाही, पण इतक्या पाण्यात मी ती कधी बघितली नव्हती.

पोलीसपाटील माझ्याजवळ आले. "बाई, हे बुडले तर उद्या आपल्यावर येईल. बोटीची वाट बघा."

मीही तेच मनात म्हणत होते. मला त्या भावांचा संशय होता, दोराचा होता, आणि पोलीसपाटील 'आपल्यावर' म्हणतायत ते मला एकटीला पुढं करण्यासाठी, असाही होता. मी थोरल्या भावाला विचारलं, "दोन तास टेकाड टिकेल का?"

त्यानं पाण्याकडं बघितलं आणि म्हणाला, "न्हाय टिकत. तुमी व्हय म्हना न्हायतर नगा म्हनू, आमी चाललो."

मी हो म्हणाले. मोठ्यानं, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, म्हणजे नंतर मलाच माझा शब्द फिरवता येऊ नये. सरपंचांनी वीसेक माणसं दोराला लावली. काहील गोल फिरत फिरत गेली आणि अर्ध्या तासानं परत आली. तीत फक्त मामी होती.

"मामा?" मी विचारलं.

मामी थंडीनं कापत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्ये न्हाय येत. म्हनत्यात, मी उतरलो अन् मेंढरं व्हाऊन गेली, की बाई म्हनंल मेंढरं हुतीच कुठं. मेलेलं दिसलं तरच लिवत्यात."

सगळ्यांना ती गारपीट आठवत होती. पाण्यातल्या त्या तुकड्यावर एक म्हातारा जीव द्यायला बसला होता, आणि त्याला तिथं नदीनं नाही, मी बसवलं होतं.

"किती मेंढरं आहेत, मामी?"

"चौऱ्यांशी."

मी पिशवीतून कागद काढला. टेकाडावरचे ठिपके इथून मोजता येत नव्हते. न बघता निरंक लिहायला माझा हात कधी अडखळला नव्हता, न बघता चौऱ्यांशी लिहायला मात्र अडखळला. तरी मी लिहिलं की चौऱ्यांशी मेंढरं टेकाडावर आहेत, मालकाचं म्हणणं मला मान्य आहे. खाली सही केली, शिक्का मारला, कागद दुधाच्या पिशवीत घालून थोरल्या भावाला दिला.

मामा दुसऱ्या फेरीला आला. उतरल्यावर मला ओलांडून सरळ मामीजवळ जाऊन बसला. थोरल्या भावाला मी नंतर विचारलं, कागद बघून आले का? तो म्हणाला, "त्याला कुठं वाचाया येतंय? मी म्हनलं, मामा, लिवताना बाईचा हात थरथरत हुता. खोटं लिवनाऱ्याचा थरथरत न्हाय. तवा उठला." म्हणजे तो माझ्या कागदावर आला नव्हता, मासेवाल्याच्या शब्दावर आला होता.

सरकारी बोट पोचली तेव्हा सगळे शाळेत चहा पीत होते. बोटीवरची पोरं चांगली होती, आल्या आल्या उरलेली मेंढरं काढायला गेली. एकतीस निघाली. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात यंत्रणेच्या समन्वयातून दोन नागरिकांची सुटका झाल्याचं छापून आलं. काहिलीचा उल्लेख नव्हता. मला मेमो आला, मी उत्तर दिलं, आणि गावात एक खोली घेतली.

पाणी ओसरल्यावर मी पंचनाम्याला मामाच्या दारी गेले. त्रेपन्न मेंढरं लिहिली. मेलेली सात सापडली होती, बाकीची दाखवा असं मी म्हणाले नाही. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं सरकवला. मामानं डब्याकडं बघितलंच नाही. कागद माझ्या हातातून घेतला आणि चुलीपुढं बसलेल्या सुनेला दिला. सून दहावी झालेली.

"वाच," तो म्हणाला.

तिनं हात पुसून सावकाश वाचलं, आकड्यापाशी थांबून तो पुन्हा एकदा वाचला. ती वाचत होती तोवर मामा कागदाकडं बघत नव्हता, माझ्या तोंडाकडं बघत होता. तिचं वाचून झालं. मी डबा उघडला.

"आजून येकदा वाच," मामा सुनेला म्हणाला.