चांगुणाबाईंनी निम्म्यात ठेवलेलं पुस्तक

नागापूरच्या एमआयडीसीत चांगुणाबाईंची खानावळ आहे. दारावर पाटी नाही. 'मावशीकडं' म्हटलं की आसपासच्या सगळ्या वर्कशॉपमधल्या पोरांना कळतं. पत्र्याची शेड, चार लांब टेबलं, कोपऱ्यात चूल. दुपारची गर्दी ओसरली, भांडी घासून पालथी पडली, की चांगुणाबाई पदराला हात पुसतात, चष्मा लावतात आणि तांदळाच्या पोत्याला पाठ टेकून पुस्तक उघडतात. मग कोणी हाक मारायची नाही. नवरा मच्छिंद्र लेथवर काम करतो, तोसुद्धा त्या वेळी घरी आला तर चहा स्वतःच करून घेतो.

त्यांच्या वाचण्याची एक रीत होती. उघडलेलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत न्यायचंच. चांगलं असो, वाईट असो, कळो, न कळो. शेळ्यांच्या आजारांवरचं एक पुस्तक त्यांनी असंच पूर्ण वाचलं होतं. घरात शेळी कधीच नव्हती. त्यांची मुलगी दिशा कॉलेजातून येताना वाचनालयातून त्यांच्यासाठी पुस्तकं आणायची. ती स्वतः मात्र चार पानं वाचून नाही आवडलं तर सरळ परत द्यायची. त्यावरून मायलेकींचं नेहमी वाजायचं.

"धड सुरू केलं न्हाई तर बंद बी केलं," चांगुणाबाई म्हणायच्या. "त्या लिव्हनाऱ्यानं काय झक मारली का एवढं लिहून?"

या रीतीमागं कारण होतं. चांगुणाबाई मूळच्या पाथर्डी तालुक्यातल्या. आईबाप ऊसतोड करायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक गावात यायचा आणि भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं असं सगळं घर त्यात चढायचं. शाळा तिथंच थांबायची. उन्हाळ्यात परत यावं तर परीक्षा होऊन गेलेली. मराठीच्या पुस्तकातले पहिले धडे चांगुणेला तोंडपाठ. पुढचे तिच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. एका वर्षी गुरुजी विहिरीत पडलेल्या वासराचा धडा शिकवत होते. निम्मा झाला आणि टोळी निघाली. वासरू वर आलं का नाही, हा प्रश्न घेऊन तिनं उसाच्या फडात अख्खा हंगाम काढला. आईला, बायडाबाईला, विचारलं तर ती म्हणाली, "आलं आसंल की गं. पाचट उचल आधी." परत आल्यावर तिनं कोनाड्यातलं पुस्तक काढलं, तर ते वाळवीनं खाल्लेलं.

पुढं लग्न झालं, नागापूरला आल्या, खानावळ टाकली. दिशा शाळेत जायला लागल्यावर चांगुणाबाईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि घरी अभ्यास करून दहावी पास झाल्या. मार्क किती पडले ते त्या कोणाला सांगत नाहीत. सगळे धडे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, हे मात्र अजून सांगतात. तेव्हापासून त्यांनी एकही पुस्तक निम्म्यात ठेवलं नव्हतं.

आता आबासाहेबांचं सांगायचं. आबासाहेब एका साखर कारखान्यात कारकून होते. रिटायर झाल्यावर त्यांची बायको लंकाबाई नातवाला सांभाळायला मुलाकडं पुण्याला गेली. आबासाहेबही गेले होते, पण सातव्या मजल्यावर त्यांचा जीव रमला नाही. ते परत आले, खानावळीमागच्या चाळीत खोली घेतली आणि दोन्ही वेळ चांगुणाबाईंकडं जेवू लागले. माणूस बोलका. जेवता जेवता कारखान्यातल्या एकेक गमती अशा सांगायचा की पोरं हात वाळले तरी उठायची नाहीत.

एक दिवस ते जेवायला आले ते काखेत पुस्तक घेऊनच. त्यांनी कादंबरी लिहिली होती आणि पदरचे पैसे घालून छापून घेतली होती. चांगली जाडजूड. वर उगवता सूर्य आणि वळलेली मूठ.

"चांगुणाताई, घरच्यांनंतर पहिली प्रत तुम्हाला," ते म्हणाले. "बाकीचे नुसते चाळतात. शेवटपर्यंत वाचणाऱ्या तुम्ही एकट्या. वाचून मला खरं काय ते सांगायचं."

चांगुणाबाईंनी हात धुऊन पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं. एवढा मान त्यांना कोणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वाचायला बसल्या. पहिल्या प्रकरणात सूर्य उगवला. उगवतच राहिला. दुसऱ्या प्रकरणात परत उगवला. मग नायक आला. तो कारखान्यात कारकून होता, आणि अख्ख्या कारखान्यात तेवढाच एक माणूस बरोबर होता. त्याला भूक लागत नव्हती, तो कोणावर चिडत नव्हता, त्याचं कधी चुकत नव्हतं. तो फक्त बोलायचा. चांगुणाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. डोळे मिटायला लागले.

असे बरेच दिवस गेले. दुपार झाली की त्यांना वेगळीच कामं सुचायला लागली. मसाल्याचे डबे घासले, शेडमधली जळमटं काढली, लसणाच्या गड्ड्या निवडल्या. मच्छिंद्रानं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "डबं तर परवाच घासलं हुतंस की. पुन्यांदा काय त्येंचं?"

"धूळ लई बसती," चांगुणाबाई म्हणाल्या.

इकडं आबासाहेब रोज विचारायचे. घास तोंडात घालायच्या आधी विचारायचे. "कुठपर्यंत आलात?"

"चाललंय, आबासाहेब. आमटी वाढू का?"

दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. "सभेपर्यंत आलात का? तिथून खरी मजा आहे."

"आलेच बगा. भाकरी गरम हाय, घ्या."

त्या दिवसांत आबासाहेबांच्या पानात दही, तूप, पापड असं काय काय पडायला लागलं. शेजारी बसणारा गोरक्ष नावाचा वेल्डर म्हणाला, "मावशी, आमी काय घोडं मारलंय?" चांगुणाबाईंनी त्याच्याही पानात पापड टाकला आणि आत निघून गेल्या.

शेवटी दिशालाच राहवलं नाही. रविवारी ती आईजवळ बसून शेंगा फोडत होती. पुस्तक तिथंच पालथं पडलेलं.

"आई, सोडून दे ना आता. तुझं तोंड बघ कसं झालंय."

"सोडून दे!" चांगुणाबाई एकदम भडकल्या. "तुला बरं म्हनता येतं. तुझी शाळा कुनी मधीच बंद केली न्हाई. निम्म्यात ऱ्हायलं की काय वाटतं त्ये तुला काय ठावं?"

दिशानं हातातली शेंग फोडली. मग हळूच म्हणाली, "पण आई, शाळा तू सोडली नव्हतीस. ती तुझी सुटली. हे तर तुझ्या हातात आहे."

मच्छिंद्र दारात बसून सायकलची चेन पुसत होता. पुस्तकातलं त्याला काही कळत नाही आणि त्याचं त्याला दुःखही नाही. तो मान वर न करता म्हणाला, "कालचं कारलं एका पोरानं पानात तसंच ठिवलं. तू काय त्येच्या नरड्यात कोंबलंस का? न्हाई ना? म्हनलीस, ऱ्हाऊ दे, उद्या दुसरं खाशील."

त्यावर दिशा हसली. चांगुणाबाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना त्या मनाशी घोळवत राहिल्या. सुटणं वेगळं आणि सोडणं वेगळं, हे एवढं सोपं आपल्याला आजपर्यंत कसं दिसलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. ट्रकमध्ये चढताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आता विचारणाऱ्याही त्याच आणि सांगणाऱ्याही त्याच. एक भाकरी करपली. ती त्यांनी बाजूला काढली आणि दुसरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आबासाहेबांची कादंबरी अखेरची उघडली. नायक सभेत भाषण करत होता. दोन पानं उलटली, तरी भाषण चालूच. चांगुणाबाईंनी पुस्तक मिटलं, फळीवर नीट ठेवलं आणि दिशानं आणलेलं दुसरं घेतलं. काही झालं नाही. बाहेर टेम्पो भरायचा आवाज येत होता, चुलीतली राख निवत होती. त्या वाचत राहिल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना दुपार पुरली नाही.

राहिला प्रश्न सांगायचा. दिशा म्हणाली, "छान आहे म्हणून मोकळी हो." पण आबासाहेबांनी खरं काय ते विचारलं होतं आणि खोटं बोलून रोज त्यांच्या पानात वाढायचं, हे चांगुणाबाईंना जमणारं नव्हतं. त्या दिवशी हुलग्याची शेंगोळी होती, आबासाहेबांच्या आवडीची. पोरं उठून गेल्यावर चांगुणाबाई त्यांच्यासमोर बसल्या.

"आबासाहेब, राग मानू नका. तुमचं पुस्तक मी निम्म्यात ठिवलं. मला फुडं वाचवंना."

आबासाहेबांचा हात थांबला. ते नुसतं "बरं" म्हणाले. पान संपवलं, हात धुतले, टोपी घातली आणि गेले. संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. मच्छिंद्रानं येऊन सांगितलं की आबासाहेब चौकात गाड्यावर वडापाव खात उभे होते. चांगुणाबाईंना बोलल्याचा पस्तावा नव्हता. पण म्हातारा माणूस उभ्यानं वडापाव खातो, हे त्यांना सोसवत नव्हतं.

आणखी एक दिवस वाट पाहून त्यांनी डबा भरला आणि स्वतःच चाळीत गेल्या. आबासाहेबांनी दार उघडलं. खोलीत कादंबरीच्या प्रतींचे गठ्ठे होते, त्यातल्याच एकावर पाण्याचा तांब्या. चांगुणाबाईंनी डबा ठेवला.

"पुस्तकाचं पुस्तकापाशी," त्या म्हणाल्या. "जेवनावर कशाला राग?"

आबासाहेबांनी डबा जवळ ओढला. मग विचारलं, "कुठं सोडलंत?"

"सभंत. त्यो भाषन करतोय तिथं. लई येळ झाला, त्यो काय खाली बसंना."

आबासाहेबांनी खुर्चीवर अंग टाकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि चांगुणाबाईंना आधी वाटलं की हा माणूस आता रडतोय. पण ते हसत होते.

"आमच्या मंडळींनी पण तिथंच ठेवलं," ते म्हणाले. "मला म्हणाली, वाचून झालं, फार छान आहे. मागच्या महिन्यात पुण्याला गेलो तर तिची प्रत उशाशी होती. आत खुणेला केसांचा आकडा घातलेला. बरोबर भाषणापाशी. मी काही बोललो नाही, ती काही बोलली नाही."

चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग दोघंही हसले.

"एक इचारू का?" थोड्या वेळानं चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमी जेवताना त्या बैलाची गोष्ट सांगता. वजनाच्या काट्यावर गाडी चढली की मुद्दाम खाली बसायचा आन् गूळ दिल्याबिगर उठायचा न्हाई. ती पुस्तकात का न्हाई वो?"

"त्यात काय लिहायचं?" आबासाहेब म्हणाले. "ते तर खरंच घडलेलं."

"आवं, त्येच तर ऐकायला पोरं बसत्यात."

आबासाहेबांनी डबा उघडला आणि जेवायला सुरुवात केली. रात्री ते खानावळीत आपल्या जागेवर येऊन बसले. गोरक्षनं सरकून जागा दिली.

त्यानंतर चांगुणाबाईंना पुस्तकं सोडायची गोडीच लागली. काही दिवस तर त्यांनी अतीच केलं. पहिल्या पानावर सूर्य उगवला की पुस्तक बंद. वाचनालयातला माणूस दिशाला म्हणाला, "आईंना सांग, जरा दम धरा." एका पुस्तकाच्या बाबतीत दिशानं हट्टच धरला. म्हणाली, सुरुवात संथ आहे पण अजून थोडं वाच. चांगुणाबाईंनी कुरकुरत वाचलं आणि मग त्या पुस्तकानं त्यांना असं धरलं की आमटीत मीठ दोनदा पडलं. तेव्हापासून त्या जरा बेतानं घेतात. पण जीव लागत नसेल तर आता थांबत नाहीत. पुस्तक मिटायचं, कपाळाला लावायचं आणि परत द्यायचं. पूर्वी महिन्याला एखादं पुस्तक रडतखडत संपायचं. आता दिशाची पिशवी कधी रिकामी नसते.

आबासाहेबांनी नवीन काही लिहायला घेतलंय का, हे कोणाला ठाऊक नाही. विचारलं तर ते "बघू" म्हणतात.

यंदा संक्रांतीला लंकाबाई पुण्याहून आल्या. जाडसर, हसऱ्या बाई. चांगुणाबाईंनीही भाषणापाशीच पुस्तक ठेवलं, हे सांगून आबासाहेब त्यांना दुपारी खानावळीत घेऊन आले. दोघी बायकांनी एकमेकींना पाहिलं, तिळगूळ दिला, आणि दोघींना एकदम हसायला आलं. आबासाहेबांनी छताकडं पाहिलं.

जेवणं चालू झाली. पोरांनी गळ घातली म्हणून आबासाहेबांनी मळीच्या हौदाशेजारी फोटो काढायला उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या साहेबाची गोष्ट काढली.

"नवा कोरा कोट घातलेला," आबासाहेब म्हणाले.

"कोट कुठला? स्वेटर होता," लंकाबाई म्हणाल्या. "त्यांच्या बायकोनं माझ्याकडूनच विणून घेतला होता."

"बरं, स्वेटर. तर फोटोवाला म्हणाला, साहेब, एक पाऊल मागं..."

तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला. जागचं कोणी उठलं नाही. चांगुणाबाई हातात भाकरी घेऊन चुलीपाशी उभ्याच होत्या.

"मग?" त्या म्हणाल्या. "फुडं काय झालं?"